ओळख ताळेबंदाची (भाग 6) : खड्डासुद्धा मालमत्ता असतो

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटातलं ते लांबरुंद रजिस्टर. शाळेतल्या खुर्चीच्या पाठीवर, टेबलाच्या पायावर, पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात जो आकडा लिहिलेला असतो, तो या रजिस्टरातला अनुक्रमांक. मुख्याध्यापकांची बदली झाली की नवे गुरुजी चार्ज घेताना एकेक वस्तू मोजून घेतात. मोडका बाक मागच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून राहतो, पण त्याचं नाव रजिस्टरातून सहजासहजी निघत नाही. त्याला निर्लेखनाचा प्रस्ताव लागतो, वरची मंजुरी लागते, मगच त्या ओळीवर लाल रेघ येते.

कंपनीकडेही असंच एक रजिस्टर असतं. त्याला 'स्थिर मालमत्ता नोंदवही' असं भारदस्त नाव आहे. फरक एकच. शाळेच्या रजिस्टरात बाक ज्या किमतीला घेतला ती किंमत लिहिली की काम संपलं. तो बाक तीस वर्षं झिजला तरी आकडा तोच. कंपनीला मात्र दरवर्षी लिहावं लागतं की या वर्षात त्यातलं किती झिजलं. आजच्या भागाचा सगळा विषय या एका फरकात आहे.

मागच्या भागात आपण ताळेबंदाची देणी ही बाजू पाहिली : भागधारकांचं भांडवल, राखीव निधी, बँकेचं कर्ज. पैसा आला कुठून, ते त्या बाजूला कळलं. आता हा पैसा गेला कुठे, ते पाहायला मालमत्तेच्या बाजूला येऊ. तिथली पहिली ओळ स्थिर मालमत्तेची. सुदैवाने ही ओळ समजून घ्यायला मुंबईला जायची गरज नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या वरठी, गडेगाव आणि डोंगरी बुजुर्ग एवढा फेरफटका पुरेसा आहे.

चालतो तरी स्थिर

पहिला गोंधळ नावातच होतो. आपण घर-जमिनीला 'स्थावर' म्हणतो, म्हणून 'स्थिर' म्हणजे जागचं न हलणारं असं वाटतं. पण रोज शंभर किलोमीटर धावणारा ट्रकही स्थिर मालमत्ता असू शकतो. इथे स्थिर आहे तो त्यात अडकलेला पैसा. तो एका वर्षात सुटत नाही, वस्तू वापरून वापरून हळूहळू मोकळा होतो.

म्हणून कसोट्या दोन. वस्तू स्वतःच्या कामासाठी ठेवली आहे का? आणि ती वर्षापेक्षा जास्त काळ कामी येणार आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच ती या ओळीत बसते.

अशोक लेलँडचंच उदाहरण घ्या. कंपनीचा कारखाना आपल्या राष्ट्रीय महामार्गावर गडेगावला आहे. कंपनीने तयार केलेला ट्रक विक्रीसाठी उभा असतो तेव्हा तो तिच्या हिशेबात साठा असतो. डीलरच्या आवारात आला तरी साठाच. तोच ट्रक एखाद्या खाण कंपनीने माल वाहायला घेतला की त्या क्षणापासून तो तिची स्थिर मालमत्ता. लोखंड तेच, चाकं तीच. मालकाचा हेतू बदलला की ओळ बदलते. धान गिरणीतलं धान आणि धान कांडणारं यंत्र एकाच छताखाली असतात, पण ताळेबंदात त्यांची भेट होत नाही ती याचमुळे.

मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या ताळेबंदात ही ओळ आता 'मालमत्ता, संयंत्र व उपकरणे' या नावाने येते. त्यांना लागू असलेलं लेखामानक म्हणजे इंड-एएस 16. लहान कंपन्यांसाठी लेखामानक वेगळं असलं तरी मूळ तत्त्व तेच आहे.

यंत्राची किंमत बिलावर संपत नाही

समजा, मोहाडी तालुक्यातल्या एका धान गिरणीने तांदूळ निवडायचं सॉर्टेक्स मशीन घेतलं. बिल 27 लाखांचं. ते आणायचं भाडं, क्रेनने उतरवणं, खाली काँक्रीटचा पाया, वीजजोडणी, बसवायला आलेल्या मिस्त्रीची मजुरी असे आणखी 3 लाख लागले. मग ताळेबंदात मशीन किती रुपयांचं? तीस लाखांचं. यंत्र कामाला लागण्याच्या स्थितीत येईपर्यंत जो जो खर्च त्याच्यासाठीच झाला, तो सगळा त्याच्या किमतीत धरायचा. जीएसटीची वजावट मिळणार असेल तर तेवढा कर किमतीत येत नाही. मिळणार नसेल तर तोही येतो. मोठा कारखाना उभारायला वर्षं लागतात. त्या उभारणीच्या काळातलं कर्जावरचं व्याजही कारखान्याच्या किमतीत मिळवलं जातं. उद्घाटनाचा मांडव, जेवणावळ आणि कामगारांना दिलेलं प्रशिक्षण मात्र त्यात धरत नाहीत. तो त्या वर्षीचा खर्च.

यंत्र सुरू झाल्यावरचा खर्च हा खरा वादाचा भाग. पट्टा तुटला, नवा टाकला, बेअरिंग बदललं, तेलपाणी केलं. ही दुरुस्ती झाली. ती त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होते, तिला महसुली खर्च म्हणतात. पण यंत्राचं आयुष्य वाढवणारा किंवा त्याचा एखादा मोठा भाग बदलून टाकणारा खर्च भांडवली ठरतो आणि यंत्राच्या किमतीत जाऊन बसतो.

वरठीच्या सनफ्लॅग पोलाद कारखान्यात झोतभट्टी आहे. कोणत्याही भट्टीच्या आतून उष्णता सोसणाऱ्या विटांचं अस्तर असतं. बाहेरचा पोलादी सांगाडा टिकतो, आतलं अस्तर त्याच्या आधी संपतं आणि ठराविक तास भट्टी चालली की ते नव्याने लावावं लागतं. हे दोन वेगळ्या आयुष्यांचे भाग आहेत, म्हणून त्यांचा हिशेबही वेगळा ठेवायचा : नवं अस्तर मालमत्तेत घ्यायचं, जुन्याची उरलेली किंमत काढून टाकायची. इंड-एएस 16 मध्ये या नियमासाठी भट्टीच्या अस्तराचंच उदाहरण दिलेलं आहे. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. बंडीचं चाक बदललं म्हणून बंडी नवी होत नाही, पण चाकाला पैसे पडले आणि ते पुढची काही वर्षं चालणार, हे त्याला माहीत असतं.

हा भेद पुस्तकी वाटतो, पण त्यावर कंपन्या उभ्या राहतात आणि कोसळतात. खर्च मालमत्तेत ढकलला की त्या वर्षीचा नफा तेवढ्याने फुगतो. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने नेमकं हेच केलं. दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्याचं भाडं, म्हणजे उघडउघड चालू खर्च, तिने मालमत्ता म्हणून दाखवला. जून 2002 मध्ये बिंग फुटलं तेव्हा आकडा सुमारे 3.8 अब्ज डॉलर होता. पुढच्या चौकशीत इतर गैरव्यवहार धरून तो 11 अब्जांच्या घरात गेला. जुलै 2002 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून एखाद्या कंपनीची मालमत्ता झपाट्याने वाढताना दिसली, पण उत्पादन जागचं हलत नसेल, तर आनंद मानण्याआधी वार्षिक अहवालातली मालमत्तेची टीप वाचावी.

घसारा : झीज मोजायची रीत

आता आपलं 30 लाखांचं सॉर्टेक्स. ते पंधरा वर्षं चालेल असं धरू. शेवटी भंगारात विकताना मूळ किमतीच्या 5 टक्के, म्हणजे दीड लाख येतील. राहिले 28 लाख 50 हजार. ते पंधरा वर्षांवर वाटले की दरवर्षीचा घसारा 1 लाख 90 हजार. पाच वर्षांनी 9 लाख 50 हजार झिजले, ताळेबंदात उरले 20 लाख 50 हजार. ही सरळ रेषेची पद्धत.

आयकर खात्याचा हिशेब निराळा आहे. तिथे सर्वसाधारण यंत्रांवर उरलेल्या किमतीच्या 15 टक्के दराने घसारा मिळतो. म्हणजे पहिल्या वर्षी साडेचार लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या साडेपंचवीस लाखांवर 15 टक्के, असं कमी कमी होत जातं. पाच वर्षांनी तेच मशीन आयकराच्या वहीत साधारण 13 लाख 31 हजारांचं उरतं. एकाच यंत्राचे दोन आकडे, आणि दोन्ही बरोबर. यंत्राची 'खरी किंमत' म्हणजे ताळेबंदातला आकडा, ही समजूत इथेच सुटली पाहिजे.

आयुष्य किती धरायचं हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाही. कंपनी कायदा 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीत यादी आहे. कॉम्प्युटर 3 वर्षं, कार्यालयीन उपकरणं 5, मोटारकार 8, फर्निचर 10, सर्वसाधारण यंत्रं 15, कारखान्याची इमारत 30, कारखान्याव्यतिरिक्त आरसीसी इमारत 60. पोलाद कारखान्यातली झोतभट्टी आणि रोलिंग मिल यांना 20. अखेरची भंगार किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त धरायची नाही. कंपनीला वेगळं आयुष्य धरायचं असेल तर तांत्रिक आधार देऊन तसं टिपेत सांगावं लागतं. हंगामात आपल्या गिरण्या रात्रंदिवस चालतात, त्याचीही सोय या अनुसूचीत आहे : जितके दिवस यंत्र दोन पाळ्यांत चाललं तितक्या दिवसांचा घसारा दीडपट, तीन पाळ्यांत चाललं तर दुप्पट. मुळातच अखंड चालणाऱ्या संयंत्रांना मात्र हा नियम लागत नाही.

मालकीच्या जमिनीवर घसारा नाही, कारण ती झिजत नाही. खाणीची गोष्ट वेगळी. तिच्याकडे शेवटी येऊ.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : घसारा म्हणजे नवं यंत्र घ्यायला दरवर्षी बाजूला काढून ठेवलेले पैसे का? नाही. घसाऱ्याचा पैसा कुठल्याही डब्यात जमा होत नाही. पैसे यंत्र घेतलं त्याच दिवशी गेले. घसारा म्हणजे त्या एकदाच झालेल्या खर्चाची, ज्या ज्या वर्षांनी यंत्र वापरलं त्या त्या वर्षांवर केलेली वाटणी. ही वाटणी केली नाही तर काय होईल? यंत्र घेतलं त्या वर्षी गिरणी प्रचंड तोट्यात आणि पुढची चौदा वर्षं फुकटात नफ्यात दिसेल. म्हणूनच ताळेबंदात उरलेला 20 लाख 50 हजारांचा आकडा यंत्राचा बाजारभाव सांगत नाही. झालेल्या खर्चापैकी कोणत्याही वर्षाच्या माथी अजून न मारलेला भाग किती, एवढंच तो सांगतो.

तीन रकाने आणि यंत्राचं वय

वार्षिक अहवालात मालमत्तेच्या टिपेचं पान उघडलं की आकड्यांचा सडा दिसतो. घाबरू नये. रकाने तीनच : मूळ किंमत, आजवरचा एकूण घसारा, आणि या दोन्हींची वजाबाकी म्हणजे निव्वळ किंमत. ताळेबंदाच्या मुख्य पानावर फक्त तिसरा आकडा जातो. शहाणा वाचक पहिले दोन पाहतो.

समजा, दोन कारखाने आहेत. दोघांचीही निव्वळ मालमत्ता 28 कोटी. पहिल्याची मूळ किंमत 100 कोटी आणि घसारा 72 कोटी. दुसऱ्याची मूळ किंमत 32 कोटी आणि घसारा 4 कोटी. मुख्य पानावर दोघे भाऊ-भाऊ. टिपेत मात्र पहिला सत्तरीचा आजोबा आणि दुसरा नुकता नोकरीला लागलेला पोरगा. एकूण घसाऱ्याला मूळ किमतीने भागलं की संयंत्राचं वय कळतं. पहिल्याला लवकरच नवी यंत्रं घ्यावी लागणार, त्यासाठी कर्ज काढावं लागणार किंवा लाभांश आखडावा लागणार. दरवर्षी नवीन यंत्रांवर होणारा खर्च त्या वर्षीच्या घसाऱ्यापेक्षा सतत कमी असेल तर समजावं, घराणं जुन्या पुंजीवर जगतंय.

उलटही होतं. हिशेबात पूर्ण झिजलेलं यंत्र पाच टक्क्यांवर येऊन थांबलेलं असतं आणि कारखान्यात मात्र खणखणीत चालत असतं. जमिनीचं तर विचारूच नका. 1980 च्या दशकात आपल्या जिल्ह्यात मोठे कारखाने आले : गडेगावला अशोक लेलँड 1982 साली आलं, तर 1984 साली स्थापन झालेल्या सनफ्लॅगचं उत्पादन 1989 साली सुरू झालं. त्या काळात कुठल्याही कंपनीने घेतलेली जमीन मूळ खरेदीच्याच किमतीला मांडण्याची पद्धत निवडली असेल, तर चाळीस वर्षांनीही ताळेबंदात तीच किंमत राहते. मालमत्तेचं फेरमूल्यांकन करायची मुभा लेखामानकात आहे, पण एकदा ती वाट धरली की त्या प्रकारच्या सगळ्या मालमत्तेचं करावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा करत राहावं लागतं. आपल्याला सोयीचा एखादाच तुकडा वाढवून दाखवता येत नाही.

जमिनीबाबत आणखी एक ओळ शोधावी. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मार्च 2021 मध्ये बदल झाले. तेव्हापासून, ज्या स्थावर मालमत्तेचे हक्काचे कागद कंपनीच्या नावावर नाहीत तिची यादी कारणांसह द्यावी लागते. आपल्याकडे याचं महत्त्व कुणाला सांगायला नको. धुऱ्यावर उभं राहून "ही सगळी जमीन माझी" म्हणणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव असणं वेगळं. फेरफार रखडलेली जमीन शेतकऱ्याला कर्ज मिळवून देत नाही. कंपनीलाही नसते देत.

भूगोलाचं एक बंधन मात्र लक्षात ठेवा. ताळेबंद कंपनीचा असतो, गावाचा नसतो. गडेगावचा कारखाना चेन्नईच्या कंपनीच्या एका मोठ्या आकड्यात विरघळलेला आहे. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आधी संरक्षण मंत्रालयाच्या आयुध निर्माणी मंडळाखाली होता. 1 ऑक्टोबर 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग झाला. म्हणजे तिथली यंत्रं आता कंपनी कायद्याच्या ताळेबंदात येतात, पण इतर अनेक कारखान्यांच्या गर्दीत.

'काम चालू आहे'

स्थिर मालमत्तेच्या खालची ओळ असते 'प्रगतिपथावरील भांडवली कामे'. अर्धवट बांधलेली इमारत, बसवायचं राहिलेलं यंत्र, खणत असलेली खाणीची विहीर, हे सगळं इथे. वापर सुरू झाला नाही म्हणून घसारा नाही. काम पूर्ण झालं की रक्कम उचलून वरच्या ओळीत नेतात आणि घसाऱ्याचं घड्याळ सुरू होतं.

ही ओळ निरागस दिसते, पण हट्टी असते. साकोली तालुक्यातलं मुंडीपार आठवा. 'भेल'च्या कारखान्याचं तिथे 2013 साली भूमिपूजन झालं. शेतकऱ्यांची जमीन गेली, कारखाना काही उभा राहिला नाही. 'भेल'ने आपल्या वह्यांत त्याची नोंद कशी केली हा इथला विषय नाही, पण अशा प्रकल्पाचा हिशेब कुठेही कसा लिहायचा ते पाहण्यासारखं आहे. जमिनीची रक्कम जमिनीच्या ओळीत. आराखडे, सपाटीकरण, कुंपण यांची रक्कम 'काम चालू' या ओळीत. काम बंद पडलं, वर्षामागून वर्षं गेली, तर ती रक्कम तशीच ठेवता येत नाही. प्रकल्प होणारच नसेल तर ती तोटा म्हणून काढून टाकावी लागते.

पूर्वी या ओळीत जुनं काम दडवणं सोपं होतं. 2021 च्या बदलानंतर कामाचं वय सांगावं लागतं : एक वर्षाच्या आतलं किती, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांच्या वरचं किती. स्थगित प्रकल्प वेगळे दाखवायचे. शेवटच्या रकान्यात मोठी रक्कम दिसली की विचारावं, हे काम खरंच चालू आहे की नुसती पाटी लावलेली आहे?

टाळं लागतं तेव्हा

यंत्र झिजलं नाही, पण कारखानाच थांबला, तर? तुमसरजवळ माणेकनगरला युनिव्हर्सल फेरोचा कारखाना होता. मँगनीजपासून फेरो-मँगनीज करायचा. तो बंद पडून कैक वर्षं झाली. असं कुठेही होतं तेव्हा घसाऱ्याचा ठरलेला हप्ता पुरत नाही. यंत्रापासून पुढे मिळणारं उत्पन्न किंवा ते विकून हाती येणारी रक्कम, यांतली जी जास्त असेल ती ताळेबंदातल्या आकड्यापेक्षा कमी भरत असेल, तर आकडा तिथपर्यंत खाली आणायचा आणि फरक त्याच वर्षी तोटा म्हणून सोसायचा. याला मूल्यऱ्हास म्हणतात, त्याचं लेखामानक इंड-एएस 36. घसारा म्हणजे म्हातारपण, मूल्यऱ्हास म्हणजे अपघात.

आता डोंगरीला

तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी रेल्वेची शाखा मँगनीजच्या पट्ट्यातून जाते. वाटेत गोबरवाही लागतं, मग डोंगरी बुजुर्ग. चिखला ही भूमिगत खाण आणि डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण, दोन्ही मॉईल या सरकारी कंपनीच्या. इतिहास 1896 पर्यंत मागे जातो. तेव्हा स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटची पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी ही ब्रिटिश कंपनी झाली. 1962 साली तिची मालमत्ता घेऊन नवी कंपनी निघाली, तिच्यात केंद्र आणि महाराष्ट्र-मध्य प्रदेश सरकारांचा वाटा 51 टक्के होता, उरलेला 49 टक्के ब्रिटिश कंपनीचा. 1977 साली तोही सरकारने घेतला. डिसेंबर 2010 मध्ये मॉईलचे शेअर बाजारात आले. तेव्हा तिन्ही सरकारांनी आपल्याकडचे शेअर विकले, म्हणून पैसे सरकारांकडे गेले आणि कंपनीच्या मालमत्तेत त्या विक्रीने एका रुपयाचीही भर पडली नाही. शेअर बाजारातली उलाढाल आणि कारखान्यातलं यंत्र यांचा संबंध वाटतो तितका सरळ नसतो.

डोंगरीच्या काठावर उभं राहिलं तर समोर काय दिसतं? पायऱ्या पायऱ्यांनी खोल गेलेला प्रचंड खड्डा. त्यात फावडी यंत्रं, डंपर, ड्रिल. आणि तळाशी काळं मँगनीज. इथलं डायऑक्साइडयुक्त खनिज कोरड्या बॅटरीच्या सेलसाठी नावाजलेलं आहे. यातलं सगळ्यात मौल्यवान काय, असं शाळेतल्या पोरालाही विचारलं तरी तो खाली बोट दाखवेल. पण स्थिर मालमत्तेच्या टिपेत तुम्हाला फावडी यंत्र सापडेल, डंपर सापडेल, वजनकाटा, ऑफिसातली खुर्चीसुद्धा सापडेल. जमिनीखालचं मँगनीज बाजारभावाने कुठेही सापडणार नाही.

कारण दोन. एक, कंपनीकडे असतो तो खाणपट्टा, म्हणजे ठराविक मुदतीचा खणण्याचा हक्क. काढलेल्या खनिजावर ती राज्याला स्वामित्वधन भरते. दुसरं, ताळेबंद निसर्गाने काय दिलं ते लिहीत नाही, कंपनीने पदरचे किती घातले ते लिहितो. पट्टा मिळवायला, शोध घ्यायला, खाण तयार करायला जे पैसे गेले तेवढेच त्यात येतात.

मग खड्ड्याचं काय? तो आहे मालमत्तेत! उघड्या खाणीत खनिजाच्या वर दगडमातीचा थर असतो. तो हटवायला भरपूर खर्च येतो, पण खनिज हाती लागतं पुढच्या काही वर्षांत. म्हणून पुढच्या खनिजापर्यंत वाट करून देणारा दगडमाती काढण्याचा खर्च, ठराविक अटी पूर्ण होत असतील तर, मालमत्ता म्हणून धरता येतो. इंड-एएस 16 ला यासाठी स्वतंत्र परिशिष्टच जोडलेलं आहे. या खड्ड्याची झीज वर्षांवर मोजण्यात अर्थ नसतो, ती टनांवर मोजतात. समजा, एका खाणीच्या तयारीवर 60 कोटी खर्च झाले आणि तिथून 30 लाख टन खनिज निघेल असा अंदाज आहे. मग टनामागे 200 रुपये. ज्या वर्षी जितके टन काढले, त्या वर्षी तितक्याच टनांचा वाटा खर्चात. पुढे सर्वेक्षणात खनिज कमी निघालं तर टनामागचा दर चढतो.

आणि खड्ड्याच्या किमतीत एक असा खर्च बसतो जो अजून झालेलाच नाही. खाण संपल्यावर जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. त्याचा अंदाजी खर्च आजच्या मूल्यात आणून मालमत्तेतही मिळवतात आणि देण्यांतही दाखवतात. खड्डा खणतानाच तो बुजवण्याचा हिशेब लिहायचा. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात खड्ड्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायची वेळ कुण्या गुरुजींवर आली नसेल. खाण कंपनीच्या लेखापालाला मात्र त्याची रीतसर नोंद ठेवावी लागते.

भूमिगत खाणीत उतरून खनिजाची शीर ओळखणारा अनुभवी कामगार, वैनगंगेचं पाणी, दाराशी आलेली रेल्वे. यांच्याशिवाय एकही कारखाना चालत नाही, आणि यांतलं काहीही या पानावर नसतं. म्हणून पान खोटं ठरत नाही. ते एवढंच सांगतं : कंपनीने दीर्घ काळासाठी पैसा कुठे रोवला आणि त्यातला किती अजून वसूल व्हायचा आहे. त्याला बाजारभाव विचारला की ते फसवतं; वय विचारलं, अर्धवट कामांची हकीकत विचारली की खरं बोलतं.

या आठवड्याचा अभ्यास

शेअर बाजारात नोंदलेल्या कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मॉईल किंवा सनफ्लॅगचा घ्या, ओळखीचं गाव असलं की आकडे परके वाटत नाहीत. मालमत्तेच्या टिपेचं पान काढा आणि वहीत चार गोष्टी लिहा : एकूण घसारा भागिले मूळ किंमत किती येते, या वर्षी नवी भर घसाऱ्यापेक्षा जास्त की कमी, तीन वर्षांहून जुनं 'चालू' काम किती, आणि हक्काचे कागद नावावर नसलेली जमीन आहे का. मग मागे जाऊन लेखापरीक्षकांच्या अहवालाचं परिशिष्ट पाहा. मालमत्तेची नोंदवही नीट ठेवली आहे का आणि वस्तू प्रत्यक्ष मोजल्या गेल्या का, हे त्यांना तिथे लिहावंच लागतं. कंपनीतही कुणीतरी चार्ज मोजून घ्यावाच लागतो.

जाता जाता, त्या काळ्या खनिजाकडे पुन्हा एकदा पाहू. जमिनीत होतं तोवर त्याला ताळेबंदात जागा नव्हती. सुरुंग उडाला, फावड्यात आलं, डंपरने वर आणून ढीग घातला की त्याच दिवशी ते ताळेबंदात दाखल होतं, मात्र स्थिर मालमत्तेत नाही, साठा म्हणून. मालगाडीत भरून गिऱ्हाइकाकडे गेलं की त्याची येणी होतात, आणि येणी वसूल झाली की रोकड. ढीग, उधारी आणि रोकड यांचा हा फेरा, म्हणजे चालू मालमत्ता, पुढच्या भागात.